तीनदा गैरहजर, नाव कमी

प्रमोददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शनिवारच्या बेसबॉलची हजेरी तयार करत होते. बावीसपैकी पाच नावं उरली होती. पेन ठेवलं, भाजीखालचा गॅस बंद केला आणि वरच्या मजल्यावर वहिनींकडे गेले.

दादा आठवडाभर खोर फक्कानच्या बंदरात नोकरी करायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी शारजाला, अल नहदात घरी यायचे. जळगावला शाळेत असताना ते बेसबॉल खेळले होते, राज्य पातळीपर्यंत. इथे आमच्या बिल्डिंगमागच्या रेताड जागेत त्यांनी शनिवारी सकाळी मुलांना तो शिकवायला सुरुवात केली. खेळ त्यांचा, नियोजन माझं: पाणी, टोप्या, पालकांचे नंबर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. धाव जिथे पूर्ण होते त्या ‘होम’चं त्यांनी सरळ ‘घर’ केलं होतं. तिसऱ्या बेसवरच्या नीरवला ते एकदा ओरडले, “घरी पळ रे, घरी!” तर तो लिफ्ट गाठून खरंच घरी गेला. काका रागावले असं त्याला वाटलं…

मग मुलं गळायला लागली. दादा दर शनिवारी विचारायचे, “ताई, पोरं का येत नाहीत?” मी एकेका पालकाला फोन करून कारणं लिहून काढली. ऊन, क्लास, मोबाइल, नुसतं उभं राहण्याचा कंटाळा. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

“हे तर आधीपण होतं की.”

“मग क्रिकेट शिकवा. पन्नास येतील.”

“क्रिकेट शिकवायला अख्खं शारजा बसलंय, ताई. यल्ला, हजेरी घ्या.”

पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रश्न.

दादांच्या दहाव्याला वहिनींकडे मुलं आली. बरीच आली, उंच झालेली. मी नीरवला विचारलं, “तू का सोडलंस रे?”

“आय डिडन्ट, आंटी. यू रिमूव्ह्ड मी.”

नियम माझाच होता. सलग तीनदा गैरहजर, तर नाव कमी आणि ग्रुपमधूनही बाहेर. तीन स्ट्राइक, आउट. दादांच्याच खेळातून उचललेला, म्हणून मला तो फार आवडायचा. नीरव सुट्टीत तीन शनिवार पुण्याला होता, एवढंच. आणखी दोघांनी तेच सांगितलं. सानिका मात्र म्हणाली, “ऑनेस्टली, इट वॉज बोरिंग,” आणि तिच्या शेजारच्यांनीही माना डोलावल्या. मग खेळामुळे किती गेली आणि माझ्यामुळे किती? हिशेब जुळत नाही.

नीरवने मोबाइल पुढे केला. दादांनी त्याला एकट्याला पाठवलेला मेसेज होता, दर शुक्रवारचा, महिनोन्महिने तोच: ‘उद्या साडेसहा. ग्लोव्ह आहे माझ्याकडे.’

“मग आला का नाहीस?”

“आय थॉट काका डिडन्ट नो आय वॉज आउट.”

दादांना माहीत होतं? असेल, तर ते मला दर आठवड्याला का विचारत होते? मी स्वतःहून ओळखावं म्हणून? की खरंच माहीत नव्हतं, आणि दिसला नाही तो प्रत्येक मुलगा त्यांना फक्त उशीर झालेला वाटत होता? मी दोन्ही शक्यता लिहून पाहिल्या. दोन्ही दादांना शोभतात.

काल शुक्रवार होता. कमी केलेल्या सतराही जणांना मी एकेक करून मेसेज पाठवला: ‘उद्या साडेसहा. ग्लोव्ह आहे माझ्याकडे.’ वहिनींनी दादांचा ग्लोव्ह मला दिलाय, म्हणून तेवढं खरं आहे. शिकवणार कोण, ते मी लिहिलं नाही.