घमेल्यातलं जांभळं पाणी

मासळीचे रोग कसे टाळायचे, हे मत्स्यशेतकऱ्यांना शिकवणं ही माझी नोकरी. नागपुरातल्या हॉलमध्ये मी घसा फोडून सांगते, दुसऱ्या तळ्याचं जाळं आपल्या तळ्यात घालू नका, जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय कुणाला बांधावर चढू देऊ नका. लोक माना डोलावतात, चहा पितात आणि घरी जाऊन पहिल्यासारखंच करतात. खाप्याजवळची एक बाई तेवढी वेगळी निघाली. नवऱ्यामागे एकटीनं उभ्या केलेल्या शेततळ्याच्या वाटेवर ती परमँगनेटचं जांभळं पाणी भरून घमेलं ठेवायची. पाय बुडवायला कुरकुरला म्हणून सख्ख्या भावाला तिनं परत पाठवलं होतं.

त्या सकाळी मी शेजारच्या गावातल्या तळ्यात उतरून आजारी मासे पाहिले. अंगावर लाल चट्टे, शेपटीशी जखमा. तिथून ओल्या बुटांनीच, उशीर झाला म्हणून करवादत, हिच्याकडे आले. घमेलं पाहून मला कोण आनंद झाला! अहवालासाठी फोटो काढला, तिला शाबासकी दिली, आणि घमेलं ओलांडून सरळ पाण्यात उतरले. ती काठावरून माझ्या बुटांकडे पाहत होती. फोटो पुढे साहेबांनाही आवडला.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, मासे वरतं येऊन राहिले जी. अंगावर लाल लाल दिसून राहिलं."

शेजारच्या तळ्यातले तेच चट्टे. इथे तपासणीची सोय नाही, म्हणून नमुने बर्फात घालून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले. ती रोज फोन करायची आणि मी रोज चुना टाका म्हणायचे. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. अहवाल आला तेव्हा तळ्यात काही उरलं नव्हतं. सहकारी म्हणाले, रोग बगळ्यानंही आणला असेल. असेलही. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण; मी तर धड कोरडीसुद्धा नव्हते.

भेटायला गेले तेव्हा वास वाटेवरूनच येत होता. घमेलं मात्र भरलेलं होतं. या खेपेला मी दोन्ही पाय त्यात बुडवले आणि तशीच उभी राहिले. मला तिचाच राग आला, खोटं कशाला बोलू.

"भावाला अडवलंत ना? मग मला का नाही अडवलं?"

ती माझ्या पायांकडे पाहत म्हणाली, "तुमाले कशी अडवू जी मॅडम? तुमीच तं शिकवलं होतं."