शिंप्याच्या टेपने मोजलेलं पाणी

माझी थोरली लोकांच्या तळघरांतलं पाणी उपसते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की हे मी ठणकावून सांगते. धाकट्याला मात्र ते खुपायचं. "आई, जलव्यवस्थापन म्हण ना." मग मी विचारायचे, "तू कपडे शिवतोस, त्याला काय म्हणू? वस्त्रव्यवस्थापन?"

त्याचं शिलाईचं दुकान आमच्याच घराच्या तळघरात आहे. कोपऱ्यावरची मोठी पाइपलाइन फुटली आणि आम्ही वर जेवत असताना खाली त्याची मशिनं बुडाली. मी थोरलीला फोन लावला.

ती पंपाची गाडी घेऊन आली. आधी घराची वीज तोडली, मग मला म्हणाली, "आई, तू समोर शेजारणीकडे जाऊन बस."

"माझ्याच घरातून मला हाकलतेस?"

"हो."

तिच्यापुढे माझी डाळ शिजत नाही. मी गेले, पण शेजारणीच्या पायरीवर बसले, सगळं दिसेल अशी.

धाकट्याच्या गळ्यातली मापाची टेप काढून तिने जिन्याच्या कठड्याला बांधली आणि टोक पाण्यात सोडलं. पंप सुरू झाला. मशिनची डोकी वर आली, तसा धाकट्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हिने पंप बंद केला.

"थांबलीस कशाला? मोटारी गंजतील माझ्या!"

"गंजू देत. बाहेरची माती पाणी पिऊन फुगलीये. आतलं पाणी एकदम काढलं तर ती भिंत आत ढकलेल. आणि त्या भिंतीवर आईची खोली आहे."

ती मागच्या बाजूला पाइप बघायला गेली आणि या शहाण्याने पंप परत चालू केला. थोड्या वेळाने भिंतीला तडा गेला. तो आवाज मी रस्त्यापलीकडे ऐकला. थोरली धावत आली. तिने पंप थांबवला, पाइप फिरवले आणि रस्त्यावरचं साठलेलं पाणी चक्क तळघरात सोडलं! मशिनची डोकी पुन्हा बुडाली. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं, पण तडा होता तिथेच थांबला. तिने त्याला एक शब्द सुनावला नाही. ते काम मी पायरीवरून केलं, शेजारणीच्या पोरांना बाहेर यावं लागलं इतक्या आवाजात.

"इथे वरच बस," ती त्याला म्हणाली, "आणि टेपवर लक्ष ठेव. पंप बंद असताना पाणी चढलं, तर बाहेरून अजून शिरतंय."

तसं थोडं काढत, थोडं थांबत काम चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडीतच डोकं टेकून झोपली. चिखलाने माखलेली माझी लेक बघून माझा ऊर भरून आला. टेपसमोर धाकटा बसला होता, जागचा हलला नव्हता.

मी रस्ता ओलांडला. "पुरे झालं हे वाट बघणं, मी लावते पंप," म्हणत बटणाकडे हात नेला.

धाकटा ताडकन उठला. "आई, हात लावू नकोस! ताईने सांगितल्याशिवाय नाही."

तो पंप कसा लावतात हे मला ठाऊकही नाही. मला एवढंच ऐकायचं होतं.