दोन टक्क्यांनी मोठे ट्रे

मागच्या डिसेंबरचा पहिला सोमवार. रक्कम दहा हजार रुपये, आगाऊ. हजर चौघे: सांगवीत घरगुती वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या बाई, माझे यजमान, त्यांचा कंपनीतला जुना जोडीदार आणि मी. जागा काळेवाडीतला आमचा भाड्याचा गाळा.

काम होतं चमचे ठेवायच्या चाळीस लाकडी ट्रेचं. एका बिल्डरच्या नव्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं सजवायचं काम बाईंनी घेतलं होतं; तिथल्या ड्रॉवरमध्ये ते बरोबर बसायला हवे होते. दर साडेआठशे. बाईंच्या अटी सरळ होत्या. लाकूड पाडलेल्या घरांच्या चौकटींचं, पॉलिश नाही, फक्त जवसाचं तेल, आणि कारागिराला पुरी मजुरी. आम्ही एरवीही तसंच करत होतो, म्हणून हो म्हणायला वेळ लागला नाही.

यजमान भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. पोलादाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. पुढे नमुने मशीनवर निघायला लागले आणि दोघा जोडीदारांना एकदमच घरी पाठवलं. तेव्हापासून पोळपाट, लाटणी, पळ्या. हिशेब मी पाहायची. गाळ्याचं भाडं निघायचं, घरखर्च निघत नव्हता. हे काम पार पडलं तर बाई दर महिन्याला ऑर्डर देणार होत्या. नाही पडलं तर यजमानांनी चाकणला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी धरायची, असं आमच्यात ठरलं होतं.

ट्रे देखणे झाले. खिळा नाही, कोपऱ्यात लाकडातच लाकूड अडकवलेलं. टेम्पोतून नेले. बाईंनी एका फ्लॅटमध्ये पहिला ट्रे ड्रॉवरवर धरला. तो आत जाईना. दुसरा घेतला, तोही नाही.

"दादा, ट्रे जेवून आलाय का?" बाई हसल्या.

यजमानांनी खिशातली घडीची पट्टी लावली. "मॅडम, साडेचारशे मिलिमीटर. तुम्ही दिलेलं माप."

तिथल्या सुताराने टेप लावली. चारशे एकोणसाठ.

जोडीदाराने पट्टी हातात घेतली आणि कपाळावर हात मारला. "राव, ही तर फाउंड्रीची पट्टी!"

ओतलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं. म्हणून नमुना शेकडा दोनने मोठा करतात, आणि प्रत्येक वेळी गणित नको म्हणून पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या लांब पाडलेल्या असतात. यजमानांच्या खिशात सव्वीस वर्षं हीच पट्टी. घरातलं फडताळही त्यांनी तिच्यावरच बेतलेलं. लाटणं दोन टक्के मोठं झालं तर कोण तक्रार करणार?

"मग घासून कमी करा ना," बाई म्हणाल्या.

"फळी दहा मिलिमीटरची आहे. दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार काढले तर सांधेच उघडे पडतील."

"बिल्डर आठ दिवसांत लोकांना किल्ल्या देणार आहे, दादा. मी प्लास्टिकचे आणते."

त्या वाईट बोलल्या नाहीत. आठ दिवसांत चाळीस ट्रे पुन्हा होणार नव्हते, आणि आम्हाला नवं लाकूड घ्यायला पैसेही नव्हते, एवढंच.

परतताना टेम्पोत जोडीदार म्हणाला, "वहिनी, माझी मजुरी राहू द्या."

यजमान रस्त्याकडे बघत म्हणाले, "माप माझं चुकलं. तुझा रंधा नाही चुकला. गप बस."

ट्रे सुटे विकायला ठेवले. तीन गेले, तेही नातेवाइकांत. जानेवारीत लाटणी कातायचं लेथ मशीन जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्याने एकतीस हजारांना उचललं. आठवड्याभरात यजमान निळा शर्ट घालून चाकणच्या बसने जाऊ लागले. बारा तासांची ड्यूटी. घरी आले की जेवतात आणि झोपतात.

एकतीस हजारांतून बाईंचे दहा हजार परत केले. चोवीस दिवसांचे सोळा हजार आठशे जोडीदाराच्या हातात ठेवले, त्याने मोजले नाहीत. उरलेले चार हजार दोनशे, ट्रेच्या महिन्यात थकलेलं भाडं म्हणून, गाळ्याच्या मालकाला दिले.