आगोटीतलं पेट्रोल

पावसाआधी आमच्याकडे आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांचं सामान. सुके बोंबील, कांदे, चिंच, जाडं मीठ. पूर्वी रॉकेलचा कॅनही असायचा. घिवलीतल्या आमच्या खाडीकडच्या तुकड्यात वीज नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात पाण्याचा छोटा पेट्रोल पंप घेतला. मग यंदा आईने त्याच रॉकेलच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून ठेवलं. रॉकेल वर्षभर राहायचं, मग हे का नाही राहणार? मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

दसऱ्यानंतर आईने मिरचीची रोपं लावली. ऊन कडक पडलं. बाबांनी कॅनमधलं पेट्रोल पंपात ओतलं आणि दोरी ओढत राहिले.

"खांदा गेला माझा. हा मेला नुसता खोकतो."

"कॅन भरलेला हाय, झाकण घट्ट हाय," आई म्हणाली.

"तुझ्या लोणच्यासारखं मुरलं असंल मग."

आई हसली नाही. "अगो, तू कॉलेजात जाते ना? बघ काय ते."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, पण मी कॉमर्सला आहे. कॅन उघडला तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. फोनवर वाचलं की पेट्रोल काही महिन्यांतच खराब होतं, आणि हल्ली त्यात इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून पेट्रोल लागेल तेवढं थोडंच ठेवायचं, आणि पंप बंद ठेवताना टाकी रिकामी करायची. हे सगळं मी वाचून दाखवलं.

"आता सांगते?" आई म्हणाली. रागाने नाही, थकून.

बाबांनी बोईसरहून ताजं पेट्रोल आणलं. तरी पंप चालू झाला नाही. सरावलीच्या मेकॅनिकला फोन केला.

"जुन्या पेट्रोलनं कार्बोरेटर जाम झाला असंल, खोलायला लागंल. पण आज नाय जमणार. परवा आणा."

परवापर्यंत रोपं थांबणार नव्हती. आम्ही तिघं विहिरीवरून हंडे भरत राहिलो. कोरडी माती ओतलेलं पाणी लगेच पिऊन टाकायची. अंधार पडला तेव्हा विहिरीकडच्या ओळी जरा सावरल्या होत्या. खाडीकडच्या माना टाकून पडल्या होत्या, आणि तिथपर्यंत हंडा न्यायची ताकद कुणातच उरली नव्हती.

आई बांधावर बसली. शेजारी तो कॅन होता.

"हे आता ओतायचं कुठं?" तिने विचारलं.

विहिरीजवळ नको, एवढंच मला सांगता आलं.