पूजलेला प्रोब

दसऱ्याची सुट्टी संपवून मी आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीत पाऊल ठेवले आणि आधी वास आला. कुजू लागलेल्या झेंडूचा, आंबलेल्या नारळपाण्याचा, आणि त्यावर अंथरलेल्या फिनाइलचा. खाटेशेजारी आमचे छोटे सोनोग्राफी यंत्र उभे होते, गळ्यात तपकिरी झालेली माळ घालून. रुग्णाच्या पोटावर टेकवायच्या प्रोबवर हळदीकुंकवाचा जाड लेप वाळला होता. लेपात अक्षता रुतल्या होत्या आणि अक्षतांवर मुंग्या.

कुंकवाचा मला कधी तिटकारा नव्हता. त्या सकाळी मात्र तो आला.

सिस्टर म्हणाल्या, शस्त्रपूजेत साहेबांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, नारळ यंत्राच्या अंगावरच वाढवला. पाणी प्रोबची तार जोडतात त्या खाचेत गेले. पुसून घेऊ का, असे सिस्टरांनी साहेबांना विचारलेही होते. ‘‘तं म्हणाले, पूजेले हात नोको लावू, आपोआप सुकते.’’

मी बोळा ओला करून घासायला घेतले. लाल-पिवळा चिकट ओघळ मनगटावरून कोपराकडे उतरत होता, तोच एका तरुण बाईला उचलून आणले. धान कापता कापता ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोसळली होती. ओठ राखेच्या रंगाचे, कपाळावर गार घाम, नाडी बोटाखालून निसटणारी. नवरा सांगत होता, कालचा भात बाधला असेल. पाळीचे विचारले तर तो भिंतीकडे पाहू लागला. तीच पुटपुटली, ‘‘चुकली हाय, डाक्टर बाई.’’

गर्भ नळीत रुजून नळी फुटली असेल, तर तिचे पोट आतून रक्ताने भरत होते. तसे असेल तर पोट इथेच आणि लगेच उघडायला हवे. तसे नसेल, तर अशा अंगाला भूल देणे हाच घात. चंद्रपूरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता तिला झेपणार नव्हता.

प्रोब टेकवला. पडद्यावर यकृताची करडी साय उमटली आणि तिच्यातून वरपासून खालपर्यंत एक काळा पट्टा. सोनोग्राफीत रक्त काळे दिसते. बिघडलेला प्रोबही काळेच दाखवतो. आत खरोखर रक्त होते, की मी साहेबांचे नारळपाणी पाहत होते? त्या क्षणी मला जी किळस आली, तिला वास नव्हता.

मी प्रोब हळूच बाजूला सरकवला. यकृत सरकले, पट्टा जागचा हलला नाही. म्हणजे तो यंत्राचा. पण यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये, जिथे फट दिसताच कामा नये, तिथे दुसरा काळोख होता, निमुळता, सुरीच्या पात्यासारखा. तो यकृताबरोबर सरकला. मी प्रोब उलट दिशेने सरकवून पाहिला. तो पुन्हा त्याच्यासोबत गेला. हा तिचा होता.

‘‘थिएटर उघडा,’’ मी म्हणाले. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई क्वार्टरमधून ओल्या केसांनी धावत आल्या. पोट उघडल्यावर रक्ताच्या गुठळ्या ओंजळीने काढाव्या लागल्या. एक नळी गेली. तिचा जीव राहिला.

दुसऱ्या सकाळी साहेब राउंडला आले. इस्त्रीची घडी, कपाळावर टिळा, अत्तराचा दाट दरवळ. नारळपाण्याने प्रोब बिघडल्याचे मी त्यांना आदल्या दिवशीच सांगितले होते. तरी तिच्या खाटेपाशी थांबून ते तिच्या नवऱ्याला म्हणाले, ‘‘दसऱ्याला मशीनची यथासांग पूजा केली होती, म्हणून वाचली तुझी बायको.’’ नवऱ्याने हात जोडले. सिस्टर सलाइनची बाटली बदलत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, ‘‘हो साहेब, पुढच्या साली थिएटरच्या लाइटीवरच फोडा नारळ.’’ साहेब मनापासून हसले. त्यांना टोमणा कळलाच नाही, आणि त्या हसण्याची मला मुंग्यांहून अधिक शिसारी आली.

खाटेवरच्या तिने माझा पदर ओढला. ‘‘बाई, मले आता लेकरू होईन का नाई?’’

साहेब अजून बोलत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून तिच्या खाटेवर बसले आणि दुसरी नळी शाबूत असल्याचे तिला सांगू लागले, हळूहळू, तिला समजेपर्यंत.