चार्जरपुढचा कापूस

माझ्या घरावर दिवसभर ऊन तळपत होतं, छतावरच्या पॅनलांतून वीज तयार होत होती, आणि माझी गाडी अंगणात उपाशी उभी होती. कारण गाडी आणि चार्जर यांच्या मधे माझ्या भावाचा कापूस होता. त्या वर्षी हे मी किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. ऐकणारा आधी हसायचा आणि मग हमखास विचारायचा, "मग कापूस हलवत काहून नाई बाई?" अरे, मले काय विचारता? माझ्या भावाले विचारा!

आधी गाडीचं सांगते. बाभुळगावच्या शाळेतून मी रिटायर झाले आणि त्याच वर्षी दादाच्या दोन्ही किडन्यांनी मान टाकली. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, यवतमाळला डायलिसिस. नवरा गेल्यापासून मी एकटीच होते, घर मोठं होतं. मग दादा आणि वहिनीने गावातल्या घराला कुलूप लावलं आणि ते माझ्याकडे आले. सुरुवातीचे चार महिने आम्ही एस.टी.ने जात होतो. जाताना ठीक असायचं. येताना मात्र दादाच्या अंगातलं सगळं पाणी काढलेलं, बीपी खाली, पाय लटपटत. एका गुरुवारी यवतमाळच्या स्टँडवर, गाडीत चढायच्या रेटारेटीत, तो चक्कर येऊन पडला. पायरीचा लोखंडी कोपरा कपाळाला लागला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले तर मागून कोणीतरी म्हणालं, "बुढा पिऊन हाय का?" माझ्या भावाने आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. त्या माणसाला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण गाडी घ्यायची हे तिथेच, त्या फरशीवर बसून ठरलं.

एकोणसाठाव्या वर्षी मी गाडी शिकले. शिकवणारा पोरगा "ब्रेक, बाई, ब्रेक!" म्हणताना सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसायचा. पण शिकले. गाडी विजेची घेतली, छोटी, कारण मला पेट्रोलपंपाच्या रांगा नको होत्या आणि छतावर ऊन भरपूर होतं. सोलर बसवून देणारा माझाच जुना विद्यार्थी, आता चांगला पोट सुटलेला गृहस्थ. त्याने पॅनल लावले, पोर्चमध्ये आतल्या भिंतीवर गाडीसाठी वेगळा पॉइंट काढला, वेगळी अर्थिंग दिली आणि म्हणाला, "बाई, आता तुम्ही उन्हावर गाडी चालवा."

उन्हावर! झालं काय, तर दुपारी लाईन गेली की सोलरही बंद. मी पहिल्याच दिवशी त्याला फोन करून झापलं. डोक्यावर सूर्य आहे, खांबावरची लाईन गेली तर माझ्या छतावरची कशी जाते? तो शांतपणे म्हणाला, "बाई, खांबावर लाईनमन काम करत असतो. तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याला शॉक बसेल, म्हणून ते आपोआप बंद होतं." हे मी त्याला नववीत शिकवायला हवं होतं, आता तो मला शिकवत होता. बॅटरीवालं सोलर वेगळं असतं म्हणे, महाग. रात्रीच्या लाईनचा तर भरवसाच नाही. मग काय, लाईन असेल तेव्हा आणि ऊन असेल तेव्हा, असा दुहेरी मुहूर्त साधून गाडी चार्ज करायची. गल्लीतले येता-जाता विचारायचे, एव्हरेज काय देते, पावसात शॉक लागत नाही का. मी उत्तरं देऊन थकले. पण दादा सोमवारी-गुरुवारी मागच्या सीटवर आडवा होऊन, उशीवर डोकं ठेवून घरी येत होता. बाकी लोकांना काय विचारायचं ते विचारू दे.

आणि मग आला कापूस.

त्याच्या आदल्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव चढला होता. दादाने मात्र त्या वर्षी दिवाळीच्या आधीच सगळा विकून टाकला होता. ते त्याच्या जिवाला फार लागलं. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास पडल्या पडल्या तो शेजारच्या पेशंटला तेच सांगायचा. त्यामुळे पुढच्या वर्षी त्याने ठरवलंच होतं, घाई करायची नाही. तसं अख्ख्या जिल्ह्यानेच ठरवलं होतं. ज्याच्या घरी जा त्याच्या घरी कापूस, पलंगाखाली कापूस, देव्हाऱ्याच्या खोलीत कापूस, आणि भाव रोज एक पायरी खाली.

शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलं होतं. दादाच्या वाट्याचा कापूस गावातल्या बंद घरात ठेवायचा तर छत गळकं, वर उंदीर. मी एके दिवशी बँकेतून परत आले तर दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. माझी गाडी अंगणात ढकललेली. पोर्चला तीन बाजूंनी भिंत आणि पुढे चॅनल गेट, म्हणजे दादाच्या दृष्टीने कापसासाठीच बांधलेली खोली. आत माझ्या छातीइतका ढीग, आणि तो अजून वाढतच होता.

"दादा, हे काय करून राह्यला तू? तिथं माह्या गाडीचा चार्जर हाय!"

"बाई, दोन-चार दिवसाची तं गोष्ट हाय. भाव वाढला का काढतो. एवढी कायले चिडतं?"

शाळेत मी पस्तीस वर्षं प्रमाण मराठी बोलले, पण दादाशी भांडायला आमची वऱ्हाडीच लागते. दुसऱ्या कोणत्याही भाषेत त्याच्यावर परिणाम होत नाही. तसा हिच्यातही होत नाही म्हणा.

दोन-चार दिवसांचे दहा झाले. गाडी भरलेली होती म्हणून पहिला आठवडा निभावला. रोज सकाळी दादा फोन स्पीकरवर टाकून व्यापाऱ्यांचे भाव ऐकायचा. "आज पडला. उद्या चढन." दुसऱ्या दिवशी, "आजबी पडला. पण आता याच्या खाली जात नाई." भाव अजून खाली जायचा. वर कापसातले बारीक किडे अंगावर चढून तिघांनाही खाज सुटली. किडनीच्या पेशंटला तशीही खाज असते, दादा तर रक्त येईस्तोवर खाजवायचा. डायलिसिसच्या सिस्टरने त्याचा डावा हात पाहून मलाच दटावलं. त्या हाताला फिस्टुला आहे. म्हणजे धमनी आणि शीर जोडून एक जाड शीर तयार केलेली, तिच्यातच सुया घालतात. वरून बोट ठेवलं तर आत घरघर जाणवते. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्याच्यावर झोपायचं नाही, त्याला बांगडीसुद्धा घट्ट होता कामा नये. तो हात गेला तर डायलिसिस कुठून करणार? "हात जपा बाबांचा," सिस्टर म्हणाली. मी काय जपू? बाबा कापूस जपून राह्यले!

गाडी वीस टक्क्यांवर आली तेव्हा वहिनीने उपाय काढला. खिडकीतून कूलरचा एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढायचा आणि त्यावर गाडी लावायची. मीही मूर्ख, ऐकलं. अर्ध्या तासात जळका वास आला. धावत गेले तर प्लग तपकिरी पडून बोर्डात वितळून बसला होता, आणि दोन हातांवर कापसाचा ढीग. सोलरवाल्याला बोलावलं. तो आला, पोर्चकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

"बाई, कापसात एक ठिणगी गेली तर वरून पाणी ओतून विझत नाही. आतल्या आत धुमसत राहतो. पोर्च पूर्ण रिकामा होत नाही तोवर तुम्ही कशालाच हात लावू नका."

"ऐकलं?" मी दादाला विचारलं.

"ऐकलं नं. म्हणून तं म्हणतो, गाडी नको लावू."

आता सांगा, काय करायचं या माणसाचं?

यवतमाळला चार्जिंगची एक जागा आहे. मागच्या दोन्ही खेपांना तिथे गेलो तेव्हा ती बंद होती. रविवारी सकाळी गाडीत नऊ टक्के उरले होते. दुसऱ्या दिवशी सोमवार. मी अंगणात गाडीच्या काचेतून तो नऊचा आकडा पाहिला आणि घरात येऊन दादापुढे उभी राहिले. तो खाटेवर बसून फोन कानाला लावत होता. वहिनी भाकरी थापत होती.

"दादा, गाडीत नऊ टक्के हायेत. यवतमाळले गेलो तं परत येनं होत नाई."

"मंग उद्याचं राहू दे. गुरुवारी जाऊ. एक खेप नाई गेलं तं काय होते?"

काय होते! दिवाळीच्या आठवड्यात एक खेप चुकली होती तेव्हा छातीत पाणी भरून याला श्वास घेता येत नव्हता. उशांच्या ढिगाला टेकून बसवून ठेवला होता आम्ही, आणि वहिनी त्याच्या तोंडाकडे पाहत नुसती पुठ्ठ्याने वारा घालत होती. हे सगळं विसरून तो आता मला काय होते विचारत होता. माझं डोकं फिरलं.

"भाव वाढन, भाव वाढन! भाव वाढलेला पाहाले तू राहशील का?"

भाकरीचा आवाज थांबला. दादाने फोन खाली ठेवला. आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मला जीभ तोडून टाकावीशी वाटली, पण मी माफी मागितली नाही. चप्पल घातली आणि निघून गेले.

ऑटो स्टँडवर गेले. सोमवारी लग्नाची मोठी तिथी होती, सगळे ऑटो वऱ्हाडाला लागलेले. एक जण तयार झाला, पण चार तास थांबायला नाही म्हणाला. म्हणजे येताना पुन्हा तेच स्टँड, तीच रेटारेटी, तीच पायरी. मी चहाच्या टपरीवर बसले. चहा आला तसा राहिला. स्वतःचीच लाज वाटत होती. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला कोणी मरणाची आठवण करून देतं का? आणि तेही बहिणीने? पस्तीस वर्षं पोरांना "बोलण्याआधी विचार करा" सांगत आलेली मी! घरी जायला पाऊल उचलत नव्हतं. शेवटी टपरीवाल्यानेच विचारलं, "बाई, बरं वाटत नाई का?" तेव्हा उठले.

घरी पोचले तर दोन वाजले असतील. दार सताड उघडं. आत पाय ठेवला तो कापसातच. माझ्या बैठकीच्या खोलीत कापूस! सोफ्यावर कापूस, टीव्हीच्या खाली कापूस, फ्रीजच्या दाराला टेकून कापूस. फक्त बुद्धमूर्तीसमोरची दीडेक हात जागा मोकळी ठेवलेली.

"अरे देवा! माही बैठक!" मी ओरडलेच.

पोर्चच्या दारातून दादा आला. उजव्या हाताने एक गाठोडं ओढत. आणि डावा हात छातीशी बांधलेला, वहिनीच्या जुन्या सुती लुगड्याची रुंद पट्टी गळ्यात अडकवून, सैल, पण जागचा हलणार नाही असा. मागून वहिनी, डोक्यावर गाठोडं, केसांत, भुवयांत पांढरे तंतू. घामाने दोघांचे कपडे अंगाला चिकटलेले.

मी धावले. आधी त्याच्या हातावर बोट ठेवलं. घरघर होती. जिवात जीव आला आणि लगेच राग आला.

"पागल झाला का तू? हे काय केलं? हात कायले बांधला?"

"मीच बांध म्हणलं," दादा दम खात म्हणाला. "जन्मभर दोन हातांनं काम केलं बाई. ध्यानात राहत नाई. गाठोडं दिसलं का तो आपोआप पुढं जाते. म्हणून बांधून घेतला."

"सकाळपासून एका हातानं ओढून राह्यले," वहिनी म्हणाली. "मी किती म्हणलं, बाई येऊ द्या. नाई ऐकलं."

"व्यापाऱ्याले इकून नाई का टाकता येत होता? माह्या घरात कायले भरला?"

"इकाचा नाई आताच," तो म्हणाला, आणि भिंतीला पाठ टेकवून खाली बसला, कापसातच. मी पोर्चमध्ये डोकावले. भिंतीवरचा चार्जर दिसत होता. त्याच्याभोवतीचा कोपरा झाडूनसुद्धा काढला होता. अलीकडे अजून बराच ढीग बाकी होता.

"तू म्हणाली नं," दादा खालूनच म्हणाला, "भाव पाहाले राहशील का."

"दादा, रागात बोलले मी..."

"नाई, बरोबर बोलली. पाहाचा हाय मले भाव. म्हणून तं उद्या जाचं हाय. तेवढी गाडी लाव."

मला रडू आलं. लपवायला जागाच नव्हती, सगळीकडे कापूस. घड्याळात पाहिलं. पाच वाजेपर्यंत ऊन होतं, लाईनही होती, आणि पोर्चमधला ढीग तासाभराचा होता.

"वहिनी, त्याच्या हाताची पट्टी सोड," मी म्हटलं, आणि पदर खोचून उरलेला कापूस उचलायला गेले.