माईचे उपास

इथं कारखान्याच्या मेसमध्ये आमच्याकडचं कोणी ताट सारून "आज उपास आहे" म्हणालं, की मी हातातला घास खाली ठेवतो. कशाचा उपास, दुखतं का कुठं, असं विचारल्याशिवाय राहवत नाही. पोरं हसतात.

आमचं गाव राजूरजवळ. माई, म्हणजे माझी आई, गणपतीची चतुर्थी पहिल्यापासून धरायची. मी सातवीनंतर शाळा सोडली, पुढं इकडं तमिळनाडूत कामाला आलो, तोवर सोमवार, गुरुवार, शनिवारही लागले होते. गावात भक्तीसाठी तिचं नाव निघायचं. खरं एवढंच होतं, की दोन घास खाल्ले की तिचं पोट गच्च व्हायचं, उलटी यायची. दुखणं सांगण्यापेक्षा उपास सांगणं तिला सोपं वाटलं असेल. गावच्या दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या मिळायच्या.

एकदा सुट्टीवर आलो, तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जालन्याला नेलं. सीटी स्कॅनच्या आधी बाटलीभर औषधाचं पाणी प्यायचं होतं, आणि नेमकी चतुर्थी.

"चंद्र न्हाई निघाला अजून," माई म्हणाली.

मशीनवाले दादा म्हणाले, "मावशी, यात मीठ न्हाई. उपासाला बराबर चालतं."

ती हसली आणि प्यायली. त्या दादांचे उपकार मी विसरलेलो नाही.

डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना पडद्यावर दाखवलं. आतडी पोटभर पसरलेली असतात. माईची मधोमध गोळा झालेली, भोवती एक रेघ. "आतड्यांवर पापुद्रा चढून कोश झालाय. फार क्वचित दिसतं असं. ऑपरेशन करून सोडवावं लागेल."

शेजाऱ्यांच्या शेडमधले रेशमाचे कोश माई मजुरीनं वेचायची. तिनं विचारलं, "मंग बाई, कोशातून किडा जित्ता निघतो का?"

मॅडम म्हणाल्या, "प्रयत्न करू, मावशी."

ऑपरेशन झालं, पापुद्रा निघाला. काही दिवसांनी तिनं वाटीभर वरणभात खाल्ला. "न्हाई दुखून राह्यलं रे," म्हणाली, आणि परत एकदा तेच म्हणाली. पण अंगात काही उरलंच नव्हतं. जखम चिघळली. पुढच्या चतुर्थीला ती नव्हती.

दहाव्याला बायकांनी तिच्यासाठी भगर शिजवली. "उपासाची बाई होती," म्हणाल्या. मी चुलतीला वरणभात लावायला सांगितला, आणि माईच्या नैवेद्याला तोच ठेवला.